दुसऱ्याला सावरताना

1935 सालचा मे महिना. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन शहर. तिथल्या मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत बिल विल्सन नावाचा एक माणूस येरझाऱ्या घालत होता. एके काळी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात चांगला जम बसवलेला, पण पुढे दारूपायी सगळं घालवून बसलेला. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. एका कंपनीचा ताबा मिळवण्याच्या कामासाठी तो अ‍ॅक्रनला आला होता आणि तो बेत पार फसला होता. खिशात फारसे पैसे नव्हते, गावात ओळखीचं कुणी नव्हतं. लॉबीच्या एका टोकाला बार होता, तिथून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता आणि गावातल्या चर्चची यादी होती.

बिल टेलिफोनकडे गेला. यादीतल्या धर्मगुरूंना त्याने फोन लावले आणि विचारलं, या गावात दारूतून सुटू पाहणारा, पण सुटत नसलेला एखादा माणूस आहे का? मला त्याच्याशी बोलायचंय. फोनवरून फोन होत होत तो हेन्रिएटा सायबरलिंग नावाच्या बाईंपर्यंत पोचला. त्यांच्या ओळखीत असा एक माणूस होता. डॉ. बॉब स्मिथ, गावातले सर्जन. दुसऱ्या दिवशी, 12 मे रोजी संध्याकाळी, भेट ठरली. डॉक्टर नाखुशीनेच आले. पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही, असं त्यांनी बायकोला आधीच बजावलं होतं. ते उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

ही गोष्ट अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए या संघटनेच्या जन्माची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. बिल त्या दिवशी डॉक्टरांचा उद्धार करायला गेलाच नव्हता. तो स्वतःला वाचवायला गेला होता. आज दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोललो नाही तर रात्री आपण बारमध्ये असू, हे त्याला लॉबीत उभ्या उभ्या कळलं होतं. ते कळण्यामागे आधीच्या पाच महिन्यांचा अनुभव होता. दारू सुटल्यापासून तो न्यूयॉर्कमधल्या दारुड्यांना गाठून त्यांच्यामागे लागला होता. त्यांतला एकही टिकला नाही. तो निराश होऊन बायकोशी, लोइसशी, हे बोलला तेव्हा तिने एकच गोष्ट त्याच्या लक्षात आणून दिली: ते सुटले नसतील, पण या सगळ्या काळात तू स्वतः प्यायला नाहीस.

डॉ. बॉब त्यानंतर एकदा घसरले. मग 10 जून 1935 रोजी सकाळी त्यांना एक शस्त्रक्रिया करायची होती आणि हात थरथरत होते. ते स्थिर व्हावेत म्हणून बिलनेच त्यांना बिअरची एक बाटली दिली. डॉक्टरांच्या आयुष्यातली ती शेवटची दारू. एए आपला स्थापनादिन तोच मानते. शस्त्रक्रिया आटोपल्यावर या दोघांनी काय केलं? काही दिवसांतच ते गावातल्या इस्पितळात तिसरा दारुडा शोधायला गेले. डॉ. बॉब 1950 मध्ये वारले. तोवर सिस्टर इग्नेशिया या ननच्या साथीने त्यांनी पाच हजारांच्या आसपास व्यसनी माणसांवर एक पैसाही न घेता उपचार केले होते.

महाराष्ट्रात आज कितीतरी गावांत एएच्या मीटिंगा भरतात. शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा. एकेक जण उठतो, नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे म्हणतो आणि शेअरिंग करतो. तिथे सगळ्यात मोठा मान नव्याने आलेल्याचा असतो. जुना सदस्य रात्री-अपरात्री फोन घेतो, कुणाची स्लिप झाली, म्हणजे कुणी पुन्हा प्यायला, तर धावत जातो. का जातो, असं विचारलं तर उत्तर जवळपास ठरलेलं: तो सावरला तर चांगलंच, पण मला माझी सोब्रायटी, माझं न पिणं, टिकवायचं आहे. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथेही स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसं कार्यकर्ते आणि समुपदेशक म्हणून उभी राहिली. नव्या पेशंटला त्यांचा शब्द पटतो, कारण ती त्याच वाटेवरून आलेली असतात. आणि रोज नव्या पेशंटसमोर बसल्यामुळे आपण कुठून आलो याचा त्यांनाही विसर पडत नाही.

या गोष्टीकडे शास्त्राचं लक्ष जायला मात्र तीस वर्षं लागली. 1965 मध्ये फ्रँक रीसमन या अमेरिकी अभ्यासकाने एक छोटा लेख लिहिला. एएसारखे गट, अभ्यासात मागे असलेल्या धाकट्यांना शिकवणारी थोरली मुलं, अशी उदाहरणं घेऊन त्याने एक निरीक्षण मांडलं. मदत घेणाऱ्याला नेमका किती फायदा होतो हे नेहमी सांगता येत नाही, पण मदत करणाऱ्याला तो होताना दिसतो. मग ज्याला मदतीची गरज आहे, त्यालाच मदत करणारा का करू नये? हा प्रश्न त्या काळी उलटा वाटला असणार. आजारी माणसाने आधी बरं व्हावं आणि मग लोकांच्या उपयोगी पडावं, अशीच आपल्या सगळ्यांची समजूत असते.

2004 मध्ये मारिया पगानो आणि सहकाऱ्यांनी दारूच्या उपचारांवरच्या एका मोठ्या अमेरिकी प्रकल्पाची माहिती या नजरेने तपासली. उपचारांच्या काळात जे इतर व्यसनींना मदत करत होते, त्यांच्यातले शंभरातले 40 जण पुढचं वर्षभर दारूपासून दूर राहिले. मदत न करणाऱ्यांत हे प्रमाण 22 होतं. कोण किती मीटिंगांना गेला हा हिशेब वेगळा काढल्यावरही फरक उरलाच. नुसतं खुर्चीत बसून ऐकणं आणि दुसऱ्यासाठी उठणं यांत अंतर आहे, असा त्याचा अर्थ.

मला यापेक्षाही जवळचा वाटतो तो मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या रुग्णांवरचा एक अभ्यास. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवरच्या आवरणावर हल्ला करते. हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, नजर अंधूक होते आणि थकवा असा येतो की दुपारनंतर माणूस आडवाच होतो. कॅरोलिन श्वार्ट्झ या संशोधक बाईंना पाहायचं होतं, की अशा रुग्णांना कुणी नियमित फोन करून त्यांचं ऐकून घेतलं तर त्यांना बरं वाटतं का. फोन करणारे म्हणून त्यांनी याच आजाराचे पाच रुग्ण निवडले. त्यांना शिकवलं ते सल्ले द्यायला नव्हे, लक्ष देऊन ऐकायला. महिन्यातून एकदा, पंधरा मिनिटांचा फोन. वर्षभर.

पुढे त्यांनी निकाल पाहिला तेव्हा चित्र उलटं निघालं. ज्यांना फोन येत होते त्यांच्यापेक्षा फोन करणारे पाच जण कितीतरी जास्त सुधारले होते. त्यांचा आत्मविश्वास वाढला होता, उदासी कमी झाली होती, रोजची कामं ते जास्त उमेदीने करत होते. आजार तिथेच होता. मज्जातंतू काही दुरुस्त झाले नव्हते. पण पंधरा मिनिटं दुसऱ्याचं ऐकताना स्वतःच्या दुखण्याची मनात चाललेली उजळणी थांबत होती, आणि ती एकदा थांबली की फोन ठेवल्यावरही पूर्वीइतकी जोरात सुरू होत नव्हती. पाच हा आकडा फार लहान आहे, त्यावर मोठा सिद्धांत उभा करू नये. तरीही कुणी दीर्घ आजाराने खचलेलं माणूस भेटलं की मला हे पाच जण आठवतात. अशा माणसाला आपण सगळे मदत द्यायला जातो. त्याच्याकडे मदत मागायला कुणी जात नाही.

मनाला बरं वाटतं हे मान्य केलं, तरी शरीराचं काय? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत ट्रिस्टेन इनागाकी आणि नेओमी आयझेनबर्गर यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मोठा बोलका आहे. जोडप्यातली तरुणी मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपलेली. तिचा जोडीदार यंत्राच्या बाहेर, तिच्या हाताला लागेल इतक्या जवळ उभा. त्याला मधूनमधून विजेचे सौम्य पण दुखणारे झटके दिले जात. काही वेळा तिला त्याचा दंड धरता येई, काही वेळा हातात नुसता चेंडू असे. झटका बसताना तिने त्याचा दंड धरलेला असला, की तिच्या मेंदूत आनंदाशी आणि पिल्लाच्या संगोपनाशी जोडलेले भाग जास्त चेतत. संगोपनाशी निगडित भाग ज्यांच्यात जास्त चेते, त्यांच्यात भीतीचं केंद्र, म्हणजे अमिग्डाला, शांत असे. यातून संशोधकांनी एक शक्यता मांडली. सस्तन प्राण्यांत पिल्लू संकटात असताना आई घाबरून पळाली तर पिल्लू जगणार नाही. म्हणून दुसऱ्याला जपायच्या क्षणी स्वतःची भीती खाली ढकलणारी व्यवस्था मेंदूत घडत गेली असावी. भीती उतरली की तिच्यामागोमाग नाडीचा वेग आणि ताणाची रसायनंही उतरू शकतात.

पण इथे एक रास्त शंका आहे. मुळात धडधाकट, हसतमुख माणसंच लोकांच्या मदतीला धावतात, मग ती निरोगी दिसली तर नवल काय? अशा शंकेला उत्तर देण्याचा एकच मार्ग असतो: चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात हॅना श्रायर यांनी ते केलं. दहावीच्या 106 मुलामुलींपैकी निम्म्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, प्राथमिक शाळेतल्या मुलांबरोबर काम करायला पाठवलं. उरलेल्यांची पाळी नंतर. दहा आठवड्यांनी रक्त तपासलं तेव्हा काम केलेल्या गटात कोलेस्टेरॉल आणि शरीरातला दाह दाखवणारा इंटरल्यूकिन-6 हा घटक कमी होता, वजनाचं प्रमाणही कमी होतं. आणि ज्या मुलांच्या मनात दुसऱ्यांविषयीची कणव सगळ्यात जास्त वाढली, त्यांच्यात हृदयविकाराचा धोका दाखवणाऱ्या खुणाही सगळ्यात जास्त उतरल्या.

वयाच्या दुसऱ्या टोकाला बाल्टिमोर शहर आहे. वृद्धांच्या डॉक्टर असलेल्या लिंडा फ्रीड यांना आपल्या पेशंटांत एक गोष्ट पुनःपुन्हा दिसत होती. गुडघा, रक्तदाब, झोप या तक्रारी असत, पण त्यांच्या मुळाशी सकाळी उठायला काही कारणच नाही, हे दुखणं असे. व्यायाम करा म्हणून सांगितलं तर थोडे दिवस करत, मग सोडत. तेव्हा फ्रीड आणि मार्क फ्रीडमन यांनी ‘एक्स्पीरियन्स कोअर’ हा उपक्रम आखला. साठी ओलांडलेली माणसं, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रिया, गरीब वस्तीतल्या सरकारी शाळांत आठवड्याला किमान पंधरा तास जाऊ लागली. बालवाडी ते तिसरीच्या मुलांना वाचायला शिकवायचं, वाचनालय लावायचं, भांडणं सोडवायची. एका शाळेत एकटीदुकटी व्यक्ती पाठवायची नाही, अख्खी तुकडी एकत्र द्यायची, हा त्यातला फार शहाणा निर्णय.

आता त्यांच्या दिवसाकडे पाहा. घरातून निघायचं, बस गाठायची, शाळेचे जिने चढायचे, वर्गात वाकून मुलाच्या वहीत पाहायचं. कुठल्या मुलाला कोणतं अक्षर अडतं ते लक्षात ठेवायचं. दुपारी तुकडीतल्या मैत्रिणींबरोबर डबा खायचा. व्यायाम, डोक्याला चालना आणि माणसांची सोबत, डॉक्टर लिहून देतात त्या तिन्ही गोष्टी यात आल्या, पण त्यांतली एकही स्वतःसाठी म्हणून करावी लागली नाही. सोमवारी गेलो नाही तर एक पोर खिडकीशी वाट पाहत बसेल, एवढं कारण पुरे होतं. सुरुवातीच्या अभ्यासात अवघ्या काही महिन्यांत या मंडळींचं चालणं-फिरणं आणि ताकद वाढलेली आढळली, अडीअडचणीला हाक मारता येईल अशी माणसं वाढली आणि चालण्याचा वेग इतरांच्या तुलनेत कमी घटला. पुढे मिशेल कार्लसन यांच्या गटाने 111 जणांच्या मेंदूचे स्कॅन दोन वर्षं पाहिले. शाळेत जाणाऱ्या पुरुषांमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणाशी जोडलेला भाग, थोडा वाढलेला दिसला. या वयात तो सहसा आकसतो. स्त्रियांमध्ये मात्र इतका स्पष्ट फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

किती मदत पुरे, याचाही अंदाज आहे. पन्नाशीच्या पुढच्या जवळपास 13,000 अमेरिकनांचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला शंभर तास, म्हणजे आठवड्याला साधारण दोन तास, स्वयंसेवा करणाऱ्यांत पुढच्या चार वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण कमी होतं, शारीरिक हालचालींवर येणाऱ्या मर्यादा कमी होत्या आणि निराशा व एकटेपणाही कमी होता. पण मधुमेह, रक्तदाब, पक्षाघात, कर्करोग यांच्यावर त्याचा स्पष्ट परिणाम आढळला नाही. म्हणून कुणी समाजसेवेला साखरेच्या गोळीच्या जागी बसवू लागला तर त्याला थांबवावं. गोळी वेळेवर घ्यायची आणि शाळेतही जायचं.

आणि आता या विषयाची दुसरी बाजू. उत्साहाच्या भरात लिहिलेल्या पुस्तकांत ती गाळली जाते, आणि त्याची किंमत आपल्या घरातल्या बायका मोजतात.

1995 मध्ये ओहायोतच जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी तेरा स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी गोल जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. या स्त्रिया स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची घरी शुश्रूषा करत होत्या. त्यांच्याच वयाच्या, अशी जबाबदारी नसलेल्या स्त्रियांची जखम सरासरी 39 दिवसांत भरली. यांची भरायला जवळजवळ 49 दिवस लागले. अहोरात्रीच्या ताणाने त्यांच्या शरीराची स्वतःला दुरुस्त करण्याची ताकदच मंदावली होती. चार वर्षांनी पिट्सबर्गचे रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी दाखवलं, की आजारी जोडीदाराची सेवा करताना ज्यांना ताण जाणवत होता, अशा वृद्धांचा चार वर्षांत मृत्यू होण्याचा धोका 63 टक्क्यांनी जास्त होता.

या बायकाही मदतच करत होत्या. बाल्टिमोरच्या आजींपेक्षा कितीतरी जास्त. मग फरक कुठे पडला? आजी दुपारी घरी जात होत्या. त्यांच्याबरोबर तुकडी होती. त्यांनी ते काम निवडलं होतं आणि उद्या सोडायचं ठरवलं तर कुणी बोल लावणार नव्हतं. शिवाय मूल वाचायला शिकताना त्यांना दिसत होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा करणारीला यांतलं काहीच नसतं. रात्र तिची नाही, सोबत नाही, निवडायला कुणी सांगितलेलं नाही आणि कितीही केलं तरी पेशंट उतरणीलाच लागलेला. मदत अंगी लागायची असेल तर तिला थांबण्याची वेळ हवी आणि दुसरा हात हवा.

लोइस विल्सनचीच गोष्ट घ्या. नवरा पीत होता तेव्हा तिने नोकरी करून घर चालवलं, त्याला सांभाळलं. तो सुधारला आणि रोज मीटिंगांना जाऊ लागला. एका संध्याकाळी त्याने तिला मीटिंगला निघायची घाई केली, तेव्हा तिने एक बूट त्याच्या दिशेने फेकला. तिला स्वतःलाच धक्का बसला. इतकी वर्षं आपण त्याला सावरलं आणि आपल्याला कुणीच विचारलं नाही, हे त्या बुटातून बाहेर पडलं होतं. पुढे मीटिंगांच्या वेळी बाहेर ताटकळणाऱ्या बायका आपापसांत बोलू लागल्या, आणि 1951 मध्ये लोइसने अ‍ॅन या मैत्रिणीबरोबर व्यसनींच्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन ही संघटना उभी केली. सांभाळणाऱ्यांना सांभाळण्याची.

एक शेवटचा निष्कर्ष थोडा अडचणीचा आहे, पण तो टाळून चालणार नाही. विस्कॉन्सिन राज्यात 1957 साली शाळा पूर्ण केलेल्या हजारो लोकांचा माग संशोधकांनी पुढे आयुष्यभर ठेवला. सारा कॉनराथ यांनी त्यांच्यातल्या स्वयंसेवकांची कारणं तपासली. इतरांसाठी म्हणून काम करणारे जास्त जगले. स्वतःला फायदा व्हावा, स्वतःच्या चिंता विसराव्यात म्हणून करणारे मात्र काहीच न करणाऱ्यांइतकेच जगले. मग तब्येतीसाठी मदत करा असं सांगणारं हे प्रकरण वाचून काही उपयोग आहे का? माझ्या मते आहे. बिल विल्सन टेलिफोनकडे गेला तो स्वतःला वाचवायलाच. पण डॉ. बॉबच्या समोर बसल्यावर सहा तास त्याचं लक्ष समोरच्या माणसात गुंतलं. घराबाहेर पडताना मनात काय होतं यापेक्षा तिथे पोचल्यावर लक्ष कुठे लागलं, याला जास्त महत्त्व असावं.

म्हणून तुमच्याकडे आठवड्याचे दोन तास असतील तर ते कुठे द्यायचे, यासाठी फार लांब जाऊ नका. तुमच्या इमारतीत, वाड्यात किंवा गल्लीत पक्षाघाताने पडलेल्या सासऱ्यांचं सगळं करणारी एखादी सून असेल, विसरभोळ्या झालेल्या नवऱ्यावर चोवीस तास डोळा ठेवणारी एखादी काकू असेल. तिला सल्ला नको, फळांची पिशवीही नको. शनिवारी चार ते सहा मी आजोबांजवळ बसतो, तुम्ही जरा बाहेर जाऊन या, एवढंच तिला सांगा. आणि पुढच्या शनिवारी चार वाजता पुन्हा तिची बेल वाजवा.